दोन साहेबांचं पान

डेन्मार्कचे येन्स साहेब, नाहीतर हॉलंडचे पीटर साहेब, यांस बुरोंडीहून मोरूचा नमस्कार.

बाहत्तर साली तुम्ही दोघं इथं जेटी बांधायला आला होतात. तुमचं जेवण रांधणारी सत्यवती माझी आई. माझे डोळे असे निळसर का, असं विचारलं की ती "साहेबांवर गेलेत" एवढंच म्हणायची. कुठल्या साहेबांवर, हे विचारायचं ती असेपर्यंत मला सुचलं नाही.

गेल्या वर्षी लेक सानवीने माझी थुंकी तपासायला धाडली. निम्मा डेन्मार्कचा, असं उत्तर आलं. म्हणून पितृपक्षात येन्स साहेबांच्या नावाने पान ठेवलं. कावळा लगेच शिवला.

यंदा तपासणाऱ्या कंपनीने त्याच थुंकीवरून हॉलंड सांगितलं. सानवी म्हणते, "बाबा, तिकडची माणसं एकमेकांच्या इतकी जवळची, की तपासणीला ती नीट वेगळी करता येत नाहीत." मग पीटर साहेबांचं पान ठेवलं. कावळ्याने तेही खाल्लं.

जिवंत असाल, तर पानाचा राग मानू नका. पत्ता मजजवळ एकाचाही नाही. तरी हे पत्र चुकीच्या साहेबांच्या हाती पडलं, तर दुसऱ्यांना द्यावं.

दोघांपैकी एकाचा,
मोरू