कानशीचा डावा हात

प्रिय डावखुरे,

मी जिथे शिकवले त्या तंत्रशाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतला तुझा लेख मी तीनदा वाचला. पहिल्यांदा वाचक म्हणून, दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन आणि तिसऱ्यांदा दार लावून. शुद्धलेखनाच्या चुका चारच निघाल्या. त्यांतल्या दोन छापखान्याच्या असाव्यात. मात्र घटनांच्या चुका पुष्कळ आहेत, आणि त्या दुरुस्त करायला आता माझ्याखेरीज कोणी उरलेले नाही. लेखभर तू मला 'ते' म्हटले आहेस. लष्करी इस्पितळाच्या वॉर्डात तू परिचारिका होतीस आणि मी रुग्ण, तेव्हा 'ए पूर्णविराम, हात पुढे कर' असे दरडावायचीस. तुझ्या तक्त्यावरचा 'रूग्ण' मी ऱ्हस्व करून दिल्यापासून ते नाव मला चिकटले होते. तेव्हा येथे मी 'तू'च लिहिणार आहे.

शत्रूशी समोरासमोर लढताना माझी बोटे गेली, असे तू लिहितेस. शत्रू तेथून बराच लांब होता. मी वाहनदुरुस्तीच्या तुकडीत होतो आणि एका ट्रकखाली उताणा पडून एका गंजलेल्या नटाला शिव्या घालत होतो. रस्त्यापलीकडे तोफगोळा फुटला, त्याचा तुकडा माझ्यापर्यंत आला आणि उजव्या हाताची तीन बोटे घेऊन गेला. नट अखेरपर्यंत सुटला नाही. शाळेत शौर्यकथा ऐकायला टपून बसलेल्या प्रत्येक नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी हीच हकिकत सांगत असे आणि शेवटी म्हणत असे, की म्हणून, बाळांनो, नटाला वेळच्या वेळी ग्रीस लावावे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. मी स्वतःच्या जिद्दीने डाव्या हाताने काम शिकलो आणि तू 'फक्त पट्ट्या बदलल्या', हे विधान मला मान्य नाही. त्या दिवसांत मी भिंतीकडे तोंड करून पडून असे. तू आलीस आणि म्हणालीस, "तीन बोटं गेलीत, हात नाही गेला. सुतकी चेहरा करून कुणाला दाखवतोयस?" मग मला इस्पितळाच्या तळघरातल्या कार्यशाळेत नेलेस, व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळलास आणि कानस हातात घेतलीस. फिटर बापाची तू लेक; जन्माची डावखुरी. डाव्या मुठीत कानशीची मूठ, उजव्या तळव्याने टोकावर बेताचा दाब, जाताना जोर, येताना हात हलका. घासून झाल्यावर तुकड्याला गुण्या लावून खिडकीकडे धरलास आणि बजावलेस, "फटीतून उजेड दिसला, तर काम चुकलं. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, उजेडाकडे बघ." मी दोन्हींकडे पाहत होतो. माझा पहिला तुकडा काटकोनात बसला, तेव्हा तू शाबासकी दिली नाहीस. दुसरा तुकडा दिलास. पुढे आयुष्यभर मी मुलांना असेच शिकवले.

प्राचार्यांनी आपल्या लेखात ज्याला 'गुरुजींची डावी पद्धत' असे भारदस्त नाव दिले आहे, तिची खरी हकिकत एवढीच. प्राचार्य माझेच विद्यार्थी. हरवलेला वॉशर सापडेपर्यंत घरी न जाणारे, म्हणून तर तुझा पत्ता त्यांनी शोधून काढला आणि तुझ्याकडून लेख मागवला. बस डेपोच्या जुन्या शेडमध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा मुले माझ्याकडे पाहून कानस धरू लागली आणि उजव्या हाताने जेवणारी मुले डाव्या हाताने लोखंड घासू लागली. ती कारखान्यांत लागल्यावर एका फोरमनने फोन करून विचारले, "मास्तर, तुम्ही काय डावखुरे निवडून घेता की काय?" सहकाऱ्यांनीही सुचवले, की ही सवय मोडावी. तुला ठाऊक आहे, मी दुकानांच्या पाट्यांवरच्या चुकादेखील आत जाऊन सांगतो. ही सवय मात्र मी मोडली नाही. घासलेला तुकडा काटकोनात येत होता, हे मी सर्वांना दिलेले कारण. खरे कारण असे, की तीस-तीस मुले ओळीने उभी राहून कानस चालवू लागली, म्हणजे मला त्या प्रत्येकात तुझे खांदे दिसत.

माझ्या पत्नीला हे कळले होते. कळले तर कळले, तिने त्याचा गाजावाजा केला नाही. मी घरातली सुरी घासायला बसलो, की ती म्हणायची, "हा हात तुमचा नव्हे. कोणाचा आहे ते विचारत नाही, पण धार चांगली लावतो." आमचा संसार सुखाचा झाला, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. ती जाऊन आठ वर्षे झाली. मुलगा, सून वरच्या मजल्यावर राहतात. मी अजूनही सकाळी शाळेत जातो, कोणी बोलावलेले नसले तरी, आणि नव्या मुलांच्या हाताखालचे तुकडे उजेडाकडे धरून पाहतो. दिवस चांगले जातात.

आता तिसरी चूक. तू लग्न ठरवायला रजेवर गावी गेलेली असताना मला इस्पितळातून सोडले आणि मी 'निरोपही न घेता त्याच दिवशी निघून गेलो', असे तू लिहितेस. मी त्या दिवशी गेलो नाही. इस्पितळासमोरच्या खानावळीच्या माडीवर खोली घेऊन मी तुझी वाट पाहत राहिलो. शनिवारी तू परत आलीस. मी फाटकापर्यंत पोचलो, तेव्हा मैत्रिणी तुझ्याभोवती घोळका करून तुझे अभिनंदन करत होत्या आणि तू हसत होतीस. मनापासून हसत होतीस. तेवढे मला ओळखता येत असे. माझ्याजवळ तेव्हा ना नोकरी होती, ना धड दोन हात. मी संध्याकाळची बस धरली. यात तुझा दोष नाही, माझाही नाही. केवळ नोंद बरोबर असावी.

लेखाच्या अखेरीस तू लिहिले आहेस, की यजमान गेल्यावर घर मोठे वाटते, म्हणून महिनाअखेरीस ते आवरून मुलांपैकी 'ज्याच्याकडे जागा होईल त्याच्याकडे' जाणार आहेस. त्या एका वाक्यासाठी हे सारे पत्र लिहिले. माझ्याकडे तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत कामाचे टेबल आहे आणि त्याला व्हाइस बसवलेला आहे. खिडकी पूर्वेला असल्यामुळे सकाळी गुण्या पाहण्याजोगा उजेड येतो. तू माझ्याशी लग्न करावेस, अशी माझी इच्छा आहे. हे वाक्य मी अनेकदा तपासले. त्यात दुरुस्तीला जागा नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात?" सून म्हणाली, "मग कोणत्या वयात?" तिचा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. सोबत तारखांचे शुद्धिपत्र जोडले आहे.

तुझाच,
पूर्णविराम

शुद्धिपत्र

मला इस्पितळातून सोडले : मंगळवार, ९ मार्च. (लेखात ११ मार्च आहे.)

मी ते गाव सोडले : शनिवार, १३ मार्च, संध्याकाळी. (लेखात 'त्याच दिवशी' असे आहे.)

शाळा सुरू झाली : पुढील वर्षी १ जुलै. (लेखात १५ जून आहे, त्या दिवशी शेडमध्ये अजून बसच उभी होती.)

तुझी जन्मतारीख : लेखात दोन वर्षे पुढची छापली आहे. ही दुरुस्ती मी करत नाही.

मी तुझ्या दारी येईन : या महिन्याची २५ तारीख, रविवार, सकाळच्या बसने. तुला दुसरा दिवस सोयीचा असेल, तर डाव्या हाताने दुरुस्त करून कळव. खोडू मात्र नकोस.