साखर वाटल्याची माफी

तीर्थरूप सोपानभाऊ,

धाकट्या सरूचा नमस्कार घ्या. गुडघा कसा आहे? तेल लावता का नुसतीच बाटली खिडकीत ठेवता? वहिनींना नमस्कार सांगा, पण पत्र दाखवू नका. (त्यांना कळलं म्हणजे त्यांच्या माहेरी वराळ्यापर्यंत कळलं.) फोनच केला असता, पण फोनवर तुमी मधीच बोलता आणि माझा राग वाया जातो.

राग असा, की माझी नोकरी जायची वेळ आलीये, आणि ती चिमूटभर साखरेपायी. लोणावळ्यात मी ज्या बंगल्यावर स्वयंपाकाला जाते, तितं जगातल्या भांडणांचा अभ्यास करणारी संस्था आहे. भांडणं मिटवत न्हाईत, अभ्यास करतात. रुचिर सर म्हणून मुख्य आहेत. कुटं दोन देशांचं बिनसलं की हे जाडजूड अहवाल लिहितात, मग दुसऱ्या शहरातली अशीच संस्था त्या अहवालावर अहवाल लिहिते, आणि दोघंही हितं बसून माझ्या हातची भजी खातात.

गेल्या आठवड्यात दोन शेजारच्या देशांची माणसं आली. (नावं सांगायची न्हाईत. आत कोण काय बोललं ते बाहेर न्यायचं न्हाई असा तितला नियम आहे, म्हणून फक्त तुमाला लिहिते.) भांडण नदीच्या पाण्याचं. कागदावर ‘चिंता’ लिहायचं का ‘तीव्र चिंता’, यावर अख्खी सकाळ खल केला मेल्यांनी. माझी थालीपिठं गारढोण झाली, ती चिंता कुणाच्याच कागदावर न्हाई!

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन गेले तर दोन्हीकडचे मुख्य उठून उभे, हातात हात, तोंडभर हसू, बाकीचे टाळ्या वाजवतायत. आता भाऊ, तुमीच सांगा. तुमच्या पिंकीच्या लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडच्यांनी उठून हात मिळवले, तवा आपण काय केलं? साखर वाटली. घरात ठराव जमला आणि घरातली बाई ट्रे धरून उभी राहिली, असं कुटं असतं का? मी वाटी आणली आणि दोघांच्या तोंडात चिमूट चिमूट घातली. खाल्ली की मुकाट! एकानं तर ओठ पण चाटले.

मग कळलं, की जमलंबिमलं काय न्हाई, ते फोटोसाठी हसत होते. खोटंच हसायचं होतं तर दाराला कडी लावायची! साखर खातानाचा फोटो कुणीतरी दोन्ही देशांत धाडला. तितल्या लोकांनी विचारलं, हे गोड कशाचं, पाणी सोडून आलात का? झालं. रुचिर सर स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “सरूबाई, तुम्ही दोन देशांचे संबंध बिघडवलेत.”

मी म्हटलं, “सर, बिघडलेलेच होते म्हणून हितं आले ना? चांगले असते तर भुशी डॅमवर भिजायला गेले असते.”

“लेखी माफी द्या. नाहीतर सोमवारपासून येऊ नका.”

मी काय माफी देणार न्हाई. साखर खाल्ली त्यांनी, शब्द मोडला त्यांनी, आणि हात जोडू मी? आपल्यात साखर खाऊन कुणी फिरला, तर त्याच्या दारात कुणी पाणी पीत न्हाई. (ह्यांना पुन्हा पाणीच पायजे!) लय झालं तर पवनानगरला धरणाकाठच्या तंबूवाल्यांकडं अंडी उकडीन, पण वाकणार न्हाई.

तुमची,
सरू

ता.क. – तंबूवाल्यांकडं विचारून आले. ते दुपारची झोप घेऊ देत न्हाईत. तुमी वडगावला तहसिलीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिता, तर माझी माफी लिहून जीपवाल्या संदेशकडं धाडा. माफी लिहा, पण मागू नका. तसलं तुमाला जमतं.

दुसरं ता.क. – पाकीट चिकटवत होते तर रुचिर सर स्वतः ओट्यापाशी आले, तोंडावर हसू. (खरं. फोटोवाला कुणी नव्हता.) त्या दोन देशांनी मिळून माझ्यावर तक्रार केलीये, एकच कागद, खाली दोघांच्या सह्या. संस्था निघाल्यापासून दोन भांडणाऱ्यांनी एका कागदावर सही केली ती म्हणे हीच पहिली. सर तो कागद काचेत बसवणार आहेत. पुढच्या महिन्यात दोघं परत बोलणीला येतायत, आणि विषय एकच, मी. प्रकरण मिटेपर्यंत मला काढता येत न्हाई. तवा भाऊ, माफी लिहाच, पण अशी लिहा, की प्रकरण मिटता कामा नये.