सुरक्षित टेबल

सोमवार, ६ जानेवारी
आजपासून शाळेतल्या अ‍ॅलर्जीच्या मुलांची जबाबदारी माझ्याकडे. मोठ्या बाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, कोण घेतंय. सगळे खाली बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो, म्हणून माझी निवड झाली. उपमुख्याध्यापकाला काम काय असतं, असं विचारणाऱ्यांची तोंडं आता बंद होतील.
तसं मूल एकच. तिसरीतली चष्मेवाली. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. जिवावरचं काम.

मंगळवार, ७ जानेवारी
तिच्या आईनं इंजेक्शनची दोन पेनं दिली, त्रास सुरू झाला की लगेच टोचायची. एक दप्तरात, एक शाळेत. शाळेतलं माझ्या कपाटात कुलपात ठेवलं. नर्सबाई म्हणाल्या, हे हाताशी हवं. म्हटलं, मौल्यवान वस्तू आहे. त्या कुलपाकडे बघून निघून गेल्या. पटलं असावं.

गुरुवार, ९ जानेवारी
जेवणाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात 'सुरक्षित टेबल' सुरू. त्यावर चष्मेवाली एकटी. नर्सबाईंचं म्हणणं, सगळ्यांना हात धुवायला लावा, पोरीला मैत्रिणींत बसू द्या. मी म्हटलं, जोखीम नको. देखरेखीसाठी मीच तिच्यासोबत जेवणार. नाइलाज आहे.

बुधवार, १५ जानेवारी
देखरेख उत्तम. आज तिनं हलणारा दात दाखवला. विचारलं, सरांच्या डब्यात रोज पावच का. सांगितलं, बायको भावाकडे गेलीय, थोड्या दिवसांसाठी. कधी गेली? म्हटलं, उन्हाळ्यात. तिनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि म्हणाली, आता तर थंडी आहे. लहान मुलांना काळाचा अंदाज नसतो.

रविवार, १९ जानेवारी
सुट्टी. जेवण गेलं नाही. पाव शिळा असावा.

बुधवार, २२ जानेवारी
तिला संत्रं सोलता येईना. मी सोलून दिलं. चार फोडी खाल्ल्या असतील, ओठ सुजले. मानेवर गांधी उठल्या. मला म्हणाली, सर, पेन. आवाज घोगरा झाला होता.
मी केबिनमधल्या कपाटाकडे पळालो. किल्ली कोटात, कोट स्टाफरूममध्ये. पेन घेऊन आलो तेव्हा नर्सबाईंनी दप्तरातलं काढून मांडीत टोचलंसुद्धा होतं. अँब्युलन्स आली. मी दार उघडून धरलं.
नर्सबाईंनी विचारलं, आज काय खाल्लंत. केबिनमध्ये अकरा वाजता बिस्किटं खाल्ली होती. पाकिटावर शेंगदाणे लिहिलेलं होतं, पण अक्षरं बारीक. हाताला सॅनिटायझर लावला होता. त्या म्हणाल्या, त्यानं दाण्याचा अंश जात नाही, साबण आणि पाणी लागतं. हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, सांगितलं होतं.

संध्याकाळी
पोरगी बरी आहे. बायकोला फोन केला, सगळं सांगितलं. हिनं विचारलं, संत्रं कोणी सोललं ते तिच्या आईला सांगितलं का. म्हटलं, ती घाईत होती. फोन बंद झाला. रेंज गेली असावी.

शुक्रवार, २४ जानेवारी
पोरीच्या आईला सांगितलं. ओरडेल म्हणून दार लावून घेतलं होतं. ती ओरडली नाही. हातातल्या रुमालाची घडी घालत बसली. मग म्हणाली, ते पेन तेवढं कपाटातून काढा.
काढलं. जबाबदारी नर्सबाईंकडे गेली. मी यापुढे वरिष्ठ मार्गदर्शक. मोठ्या बाई असं म्हणाल्या नाहीत, पण अर्थ तोच. शिवाय त्या म्हणाल्या, जेवण केबिनमध्ये करा. माझ्या प्रकृतीची काळजी.

बुधवार, २९ जानेवारी
चष्मेवाली आली. सगळा वर्ग रांगेनं साबणानं हात धुतो. ती मधल्या टेबलावर, मैत्रिणींच्या घोळक्यात. दात पडलाय. मला कळवलं नव्हतं.
मी दाराशी उभा होतो, निरीक्षणासाठी. जेवून झाल्यावर ती स्वतःहून आली. थोडं लांबच थांबली, आईनं बजावलं असेल. म्हणाली, मी रागावले नाहीये. मग विचारलं, आता सरांबरोबर कोण जेवतं.
मी म्हटलं, मला सध्या दुपारी फार मीटिंगा असतात.
तिनं मान डोलावली आणि पळाली. खरं वाटलं असावं.
मग मीटिंग रूममध्ये गेलो. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यातल्या त्यात मधल्या खुर्चीवर बसून डबा उघडला.