रेश्माचे तोंडी परीक्षेचे गुण

मालवण, गुरुवार संध्याकाळ

दहावीच्या तोंडी परीक्षेत रेश्माने 'माझा समुद्र' हे भाषण घडाघडा म्हटलं. सगळं एआयने लिहून दिलेलं. तारकर्लीच्या मुलीच्या समुद्रात मासळीच नाही! मी भडकलो. "किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना काय होतं, ते सांग."

"दोरी हात कापता, सर. पण सोडलंय तर मासे जातत, वर आजयेच्यो गाळी खावच्यो लागतत."

टाळी वाजवावीशी वाटली. सोबतच्या परीक्षक बाई म्हणाल्या, "बोलीला कसे गुण देणार? तिचं पहिलं भाषणच धरू." पहिलंच! वर शाबासकीही दिली.

बाहेर रेश्माला विचारलं, "आधीच असं का नाही बोललीस?"

"गेल्या वर्षी असाच बोललंय, सर. माका नापास केल्यानी."

पहिलंच धरू म्हणे. आणि धरलं. एआयविरुद्ध मी गावोगाव भाषणं ठोकतो. आज त्या गुणांखाली माझीही सही आहे.