मुठीतली सुपारी

॥ श्री ॥
सेक्टर ६, भिलाई
२० नोव्हेंबर १९८३

ती. सौ. रमाताईस,
वसुंधरेचा शि. सा. न. वि. वि.

जवसाची चटणी पोचली, डबा तेवढा रेल्वेत चेपून आला. हे पत्र स्वयंपाकघरात बसून एकटीने वाच. भाऊजींनी विचारलंच तर वसुंधरेने लोणच्याची कृती मागितली आहे असं सांग.

तुझा शामसुंदर तुला दर आठवड्याला आपण मजेत असल्याचं लिहितो ना? तो मजेत नाही. गेल्या रविवारी आला, चार घास गोळाभात खाल्ला आणि ताटावरच डुलक्या घेऊ लागला. छत्तीस तास ड्यूटी करून आला होता. त्याचं मला एवढं वाटलं नाही, आमच्या यांचा तर जन्मच शिफ्टमध्ये गेला. पण उठल्यावर त्याने यांना हळूच विचारलं की हथखोजच्या एखाद्या कारखान्यात कारकुनाची जागा निघेल का. ताई, डॉक्टर झालेला पोरगा कारकुनी मागतो! मी लाटणं खाली ठेवलं आणि त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं.

त्यांच्या इस्पितळात रोज सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई राउंडला येतात. बंगाली आहेत, सगळे त्यांना बडी मॅडम म्हणतात. प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने आपल्या पेशंटची हकीकत त्यांना खाटेजवळ उभं राहून सांगायची: काय होतं, कधीपासून, तपासून काय सापडलं, आणि सगळ्यात शेवटी आजाराचं नाव. शामला सगळं येतं. एकटा पेशंटजवळ बसला तर त्याच्या सात पिढ्यांची दुखणी काढून आणतो. पण सहा जण भोवती उभे राहिले आणि मॅडमनी मान हलवली की याचा घसा बंद. एकदा कागदावरून वाचायला गेला तर कागद उलटा धरलेला. आता मॅडमनी बजावलं आहे की डिसेंबर संपायच्या आत बोलता आलं नाही तर हाउस जॉब सोडावा. पेशंटचा जीव धोक्यात दिसत असूनही ज्याला वरच्यांना सांगता येत नाही, तो वॉर्डात नको. बाई कडक आहे, पण तिचं चुकतं असं काही मला म्हणता येईना.

ही देणगी कुणाकडून आली ते मी सांगायला नको. तुझ्या लग्नात मी दहा वर्षांची होते, तरी मला लख्ख आठवतं. सगळा मांडव नाव घे, नाव घे म्हणून ओरडत होता आणि तू खांबासारखी उभी! आणि गंमत बघ, दहा वर्षांनी माझं लग्न ठरल्यावर महिनाभर मला नाव घ्यायला शिकवलं ते तूच. मुठीत सुपारी घट्ट धर, माणसांकडे न बघता समईकडे बघ, पहिली ओळ एका श्वासात म्हण, नाव आपोआप शेवटी येतं. माझी भीती तेव्हा गेली ती गेलीच. आता हे सगळे म्हणतात की ती थोडी ठेवायला हवी होती.

तेव्हा मी ठरवलं आहे. शामला मी नवरीसारखं तयार करणार. तुझी परवानगी आहे असं धरून चालते.

लोभ आहेच, तो थोडा रागावूनही चालेल.
तुझी
वसुंधरा


॥ श्री ॥
आर्वी
२८ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. वसुंधरेस,
रमाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे. चारदा वाचलं आणि चारही वेळा भाजी करपली. घरात कळलं म्हणून नव्हे, वास गेला म्हणून विचारणा झाली. मी लोणच्याचं सांगितलं. लोणच्यासाठी कोण रडतं, असं त्यांनी विचारलं, तर मोहरी फेसत होते असं मी म्हणाले.

इकडची अडचण तुला सांगते. शामच्या वडिलांनी त्याच्या नावाची पाटी रंगवून आणली आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं. दवाखाना नाही, जागा नाही, पाटी मात्र पलंगाखाली तयार. येणाऱ्याजाणाऱ्याला ओढून दाखवतात आणि पुसून परत सरकवतात. पोरगा परत आला तर त्या पाटीचं काय करायचं, हा विचार मला सुचला आणि मग लाज वाटली. पोराच्या आधी पाटी आठवावी!

वसू, त्याच्यावर चिडू नकोस. घसा बंद होतो म्हणजे काय होतं ते तुला माहीत नाही. शब्द सगळे आत उभे असतात, दारच सापडत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, दर संक्रांतीला बायका मला आग्रह करतात आणि मी तिळगूळ वाढायला आत पळते. आता तर त्यांनी आग्रह करणंही सोडलं. यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण शेजारची शेवंता नाव घेते तेव्हा ओसरीवर यांचं वर्तमानपत्र जरा खाली येतं, ते मला आतून दिसतं.

पाकिटात सुपारी पाठवते आहे. मांडवात माझ्या मुठीत होती तीच. मला काही उपयोग झाला नाही, पण दोष सुपारीचा नव्हे. त्याला दे. माझं नाव सांगू नकोस, तुझीच म्हणून दे.

तुझ्या नरहररावांना नमस्कार. त्यांच्या डोक्याला ताप होणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा माग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
रमाताई


॥ श्री ॥
सेक्टर ६, भिलाई
१२ डिसेंबर १९८३

ती. सौ. रमाताईस,
वसुंधरेचा शि. सा. न. वि. वि.

शाळा सुरू झाली. रविवारी दुपारी बैठकीत समई लावते, शामला समोर उभा करते, मुठीत सुपारी. मी मॅडम. चष्मा यांचा लावते, त्यामुळे मला काही दिसत नाही, पण रुबाब येतो.

पेशंट म्हणून आधी यांना दिवाणावर झोपवलं. पण काय होतंय विचारलं की हे आपल्या रेल मिलमधल्या हकीकती सांगतात. छातीत दुखतं म्हणायचं पाठ करून दिलं होतं, तर छाती राहिली बाजूला, सत्तरच्या सालचा सुपरवायझर निघाला. शाम बिचारा सगळं लिहून घेत होता. शिवाय हे तपासताना झोपतात आणि घोरतात. शाम म्हणाला की श्वास तर व्यवस्थित चालू आहे, मी काय तपासू?

मग समोरच्या क्वार्टरमधल्या सिंधुताईंना बोलावलं. त्या उत्साहाने आल्या, पण त्यांना मोठाच आजार हवा. मी त्यांना बद्धकोष्ठ दिला तर त्या रुसल्या. एवढं नवं लुगडं नेसून आले आन् मले हे देता का, असं म्हणाल्या. शेवटी कावीळ दिली तेव्हा खूश झाल्या आणि घरी जाऊन खरोखर दोन दिवस उसाचा रस प्याल्या.

पहिल्या रविवारी शामच्या तोंडून शब्द फुटेना. मग मी म्हटलं, वैद्यकी राहू दे बाजूला, आधी यमक जुळव. पेशंटवर उखाणाच कर. ताई, पोरगा सुटलाच! सिंधुताईंच्या काविळीवर चार ओळी केल्या, आजाराचं नाव बरोबर शेवटी. मी ताबडतोब नियमच केला की आधी उखाणा, मग इंग्रजीतून हकीकत. कालपर्यंत अकरा उखाणे झाले. आता माझ्यासमोर धडाधडा बोलतो. फक्त यमकाशिवाय सुरुवात होत नाही. ते आपोआप सुटेल, असं मी मनाला सांगते आहे.

तुझी सुपारी त्याने लगेच ओळखली. लहानपणी तुझ्या पेटीत खेळताना पाहिली होती म्हणाला. मी काही बोलले नाही, हे माझ्याकडून पहिल्यांदाच घडलं असेल.

लोभ कमी पडला तर कळव, इकडे पुष्कळ आहे.
तुझी
वसुंधरा


भिलाई
२४ डिसेंबर १९८३

ती. आईस,
शामसुंदरचा शि. सा. न. वि. वि.

मावशीने तुला सगळं कळवलं आहे हे मला कळलं आहे, तेव्हा आता मजेत आहे असं लिहीत नाही. झालं ते लिहितो.

परवा राउंडला माझ्याकडे मैनाबाई होत्या. जवळच्या नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत त्यांचा मुलगा कामाला आहे, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. मॅडम आल्या, मागे पाच डॉक्टर, दोन सिस्टर. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझा घसा गेला. समई कुठून आणायची? सलाइनच्या लोखंडी दांड्याकडे बघितलं, कोटाच्या खिशात सुपारी आवळली आणि मावशीने सांगितल्याप्रमाणे पहिली ओळ एका श्वासात म्हटली. ती इंग्रजी नव्हती, आई; प्लीहासुद्धा पानथरी झाली.

पितळी समईत कापसाची वात,
दिवसाआड थंडी, वाजतात दात;
पानथरी लागते दोन बोटं बरगडीखाली,
मैनाबाईचं नाव घेतो, मलेरियाची पाळी आली.

वॉर्ड गार झाला. सिस्टरच्या हातून ट्रे पडला. मैनाबाई अंगात ताप असताना उठून बसल्या आणि म्हणाल्या की असं नाव तर त्यांच्या सुनेलेही घेता येत नाही, आणि डॉक्टर काहून लाजून राहिला! सगळा वॉर्ड हसला. मॅडमना एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी माझ्या सोबतच्या देवानंदला अर्थ विचारला. तो गोंदियाचा, स्वतः घाबरट, पण त्याने अडखळत सांगितला. मला वाटलं, संपलं. जे व्हायचं ते होऊन गेलं.

आणि आई, होऊनच गेलं! भ्यायला काही शिल्लकच राहिलं नाही. मॅडमनी रक्ततपासणीचं विचारलं, मी सांगितलं. मूत्रपिंडाचं विचारलं, तेही सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची धाप कालपासून वाढली आहे, त्याचा एक्स-रे आजच व्हावा, हे मी न विचारता बोललो. तो माझा पेशंटही नव्हता. एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी निघालं. संध्याकाळी काढलं, आता तो बिडी मागतो आहे.

मॅडमनी जाताना एवढंच सांगितलं की उद्यापासून कवितेविना. आणि नोटिशीचं काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, कुठली नोटीस?

सुपारी परत पाठवतो. ती कुणाची आणि तिचं काम काय राहून गेलं, मला माहीत आहे. मला आता लागणार नाही, तुला लागेल. मुक्काम पोस्ट संक्रांत.

ती. बाबांना नमस्कार. पाटी पुसून ठेवायला सांग.
आशीर्वादाचा धनी
शामसुंदर


॥ श्री ॥
सेक्टर ६, भिलाई
६ जानेवारी १९८४

ती. सौ. रमाताईस,
वसुंधरेचा शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. बड्या मॅडमनी शामला विचारलं की हे शिकवलं कुणी, आणि आता देवानंदलाही माझ्याकडे पाठवलं आहे. त्याच्याबरोबर आणखी एक मुलगी आली, ती बोलते पण सुया टोचताना रडते. मी पावशेर सुपारी आणून ठेवली. सिंधुताईंनी या खेपेला हृदयविकार आगाऊ सांगून ठेवला आहे. यांना दुपारी झोपायला जागा उरली नाही, म्हणून हे सुटीच्या दिवशीही ओव्हरटाइम मागून घेतात. तुझी विद्या सबंध वॉर्डभर पसरली, आणि तू मात्र तिळगुळाआड लपतेस. पुरे आता.

लोभाची आठवण करून द्यायला वेळ नाही.
वसुंधरा


॥ श्री ॥
आर्वी
१९ जानेवारी १९८४

चि. सौ. वसुंधरेस,
रमाताईचे अ. उ. आ.

काल आमच्याकडे हळदीकुंकू झालं. वीस-पंचवीस बायका होत्या. शेवंताने नाव घेतलं, सगळ्यांनी घेतलं, आणि सवयीने माझ्यावरून पुढे गेल्या. मी थांबा म्हणाले. कुंकवाचा करंडा सांडला, पण दुसऱ्या मुठीत सुपारी होती. समईकडे पाहिलं आणि म्हटलं.

एवढ्यात ओसरीवरून हे आत आले. हळदीकुंकवात पुरुष! वर्तमानपत्र हातात तसंच. म्हणाले की मला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा घ्यावं. वसू, त्यांचे कान खणखणीत आहेत. मी पुन्हा घेतलं, या वेळी मोठ्याने. ते आत गेले, पलंगाखालून पाटी काढली आणि बराच वेळ तीच पुसत बसले.

सुपारी देवापुढे ठेवली आहे. तुमच्याकडची पावशेर संपली तर कळव.

भरल्या मांडवात मी उभी राहिले स्तब्ध,
अठ्ठावीस वर्षं घशात अडकून पडला शब्द;
लेकाने दाखवली वाट, आता भीती कशाला,
पुंडलिकरावांचं नाव घेते, ऐकू जाऊ द्या भिलाईला.

तुझी
रमाताई