डाव्या कुशीतलं दुखणं

माय, तू कशानं गेलीस ते मला आता कळलंय. तेवीस वर्षं आम्ही सगळे, पोटात वारं धरलं, असंच सांगत आलो. तूही तेच सांगायचीस. यंदा संक्रांत झाली आणि माझ्या डाव्या कुशीत, खालच्या अंगाला, तू जिथं हात दाबून धरायचीस नेमकं तिथंच दुखायला लागलं. दोन दिवस मी ओवा चावला, हिंगाचं पाणी घेतलं आणि अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत उभी राहिले. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. पाऊल टेकलं की कळ पार मस्तकात जायची. तुझ्या जावयांनी मोटारसायकल काढली, पण मला बसवेना, मग शेजाऱ्यांची जीप सांगून त्यांनी मला धाराशिवला नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी स्कॅन करायला लावला आणि केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनानं आतडं काढून दाखवलं. मोठ्या आतड्याच्या भिंतीला जागोजाग बारीक पिशव्या आल्यात म्हणाल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगे येतात तशा. अशा पिशव्या पुष्कळांना असतात, त्यांना कधी कळतही नाही. माझी एक पिशवी सुजली होती, तिच्या शेजारी थोडा पू साठला होता. "उशीर केला असता आणि ती फुटली असती, तर घाण सगळ्या पोटात पसरली असती. मग पेशंट हाती लागणं अवघड होतं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मला त्या कागदावर तुझं पोट दिसत होतं, बार्शीच्या दवाखान्यात शेवटी झालं होतं तसं, फळीसारखं ताठ.

सहा दिवस मी तिथं पडून होते. तोंडानं काही नाही, सगळं सलाईनमधून. पडल्या पडल्या सारखा तो तेरखेड्याचा फटाक्यांचा कारखाना डोळ्यांपुढं यायचा. उन्हाळ्याची सुट्टी आहे. एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या पत्र्याच्या शेड, मधे उघडा माळ, झाड म्हणून नाही. तू सुतळी बॉम्बवर सुतळी गुंडाळत बसलीस, तुझी बोटं दारूच्या भुकटीनं चंदेरी काळी झालीत. मी तुझी भाकरी घेऊन उन्हातून आलेय आणि माठातलं दोन तांबे पाणी एका दमात प्यायलेय. थोड्या वेळानं मला लघवीला लागते. तू इकडंतिकडं बघतेस. चहूकडं गडीमाणसं, आडोसा कुठंच नाही. तू मला शेडच्या मागं नेतेस, पदर पसरून उभी राहतेस, आणि तेवढ्यात मुकादम लांबून ओरडतो, की इथं घाण करायची नाही. तू मला दंडाला धरून ओढत आणलंस आणि जोरात चिमटा काढलास.

"सकाळी अंधारातच उरकून यायचं. बाईमाणसाला दिसा पोट नसतंय."

"मग तू पाणी कवा पितीस?"

"घरी गेल्यावर. पाणी पिलं का जावं लागतंय."

तुझ्याशेजारच्या बायका खाली बघून हसल्या. त्यांच्यातली एकही दिवसभरात माठाकडं गेली नव्हती.

मी ते चांगलं शिकले, माय. बेंबळीला नांदायला आले तेव्हा घरात संडास नव्हता, तिथं तर ते शिकलेलं कामालाच आलं. पुढं अंगणवाडी मिळाली. तिथल्या संडासाला पाणी कधीच आलं नाही, आत आम्ही चटया आणि मोडकी खेळणी ठेवतो. घरी संडास बांधून आता कितीतरी वर्षं झाली, तरी दिवसा माझं पोट गप्पच असतं. गरोदर बायकांना मी दर महिन्याला सांगते, पाणी भरपूर प्या, पालेभाजी खा. सांगून झालं की स्वतः घोटभर पाण्यावर संध्याकाळ करते. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या की एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, वय असतं, खाणं असतं, घराण्यातूनही येतं. पण पाणी तोडणं आता बंद.

तू शेवटची माझ्याकडं आलीस ती दिवाळीचा माल संपल्यावर. ते चार दिवस मी अजून कुणाला नीट सांगितलेले नाहीत. आल्या आल्या तू डोक्यावरची चुंबळ काढलीस, जमिनीवर ठेवलीस आणि तिच्यावर पोट टेकवून पालथी झोपलीस. मी म्हणलं, हे काय. "लई न्हाय दुखत. दाबलं का बरं वाटतंय," तू म्हणालीस. मी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि दिवसातून तीनदा उपाशीपोटी तुला दिल्या. आता मला सांगितलंय, तसल्या गोळ्या मी घ्यायच्याच नाहीत. त्यांनी दुखणं झाकून जातं आणि पिशवी फुटायची भीती वाढते. तेव्हा गोळी घेतली की तुझा चेहरा जरा सैल व्हायचा, आणि मला वाटायचं मी काहीतरी करतेय. लेकीच्या दारात सारखं बाहेर जायला नको म्हणून तू जेवत नव्हतीस. तिसऱ्या दिवशी तुझं अंग तापलं. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या, माझं धाकटं पोरगं रडत होतं, आणि मी तुला म्हणलं, "रोजचंच हाय तुझं. इथं येऊन तरी धड ऱ्हा की."

चौथ्या दिवशी तू कपड्यांची पिशवी भरलीस. "म्या जाते. तुझं काम खोळंबतंय," एवढंच. मी तुला जीपमध्ये बसवलं. तू पुढच्या सीटची कड दोन्ही हातांनी धरली होतीस. तिथून पुढं तेरखेड्यापर्यंत तू दोन गाड्या कशा बदलल्यास, कुठं बसलीस, मला माहीत नाही. दोन दिवसांनी तुला बार्शीला नेलं. मी पोचले तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलंय, आता ऑपरेशन झेपणार नाही. संध्याकाळी तू पाणी मागितलंस आणि नर्सनं कापूस ओला करून ओठांना लावला.

मी मात्र सगळं सांगितलेलं करते. सकाळी उठल्यावर दोन तांबे पाणी. पू जिरेपर्यंत पेज आणि पातळ वरण, मग हळूहळू न चाळलेल्या पिठाची भाकरी, मेथी, शेपू, पेरू. तीळ-शेंगदाणे बंद करायचे का म्हणून विचारलं तर त्याची गरज नाही म्हणाल्या. रोज गावाबाहेरच्या रस्त्यानं चालून येते. दीड-दोन महिन्यांनी त्यांनी दुर्बिणीनं आतडं तपासलं. आदल्या दिवशी औषध घालून तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचं असतं आणि आतडं पार धुऊन काढायचं असतं. त्या दिवशी मी भर दुपारी संडासाची कडी लावून बसले होते, दहादा, बारादा, आणि प्रत्येक वेळी मला शरम वाटत होती. बाहेर कुणीच नव्हतं.

एवढं सांभाळूनही पोळ्याच्या आठवड्यात दुखणं उलटलं, पहिल्यापेक्षा जोरात. आता आतड्याचा तेवढा भाग कापून काढायचं ठरलंय. कदाचित काही महिने पोटावर पिशवी लावावी लागेल, शी त्या पिशवीत येईल. तुझे जावई म्हणतात, जिवापेक्षा काही नाही, आणि मग तोंड फिरवून बसतात. मला ऑपरेशनची भीती वाटते. अंगणवाडीतल्या पोरांपुढं त्या पिशवीचा वास येईल, त्याची जास्त वाटते.

हे अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. कुठं धाडायचं नाही, फाडून चुलीत घालीन. एक तेवढं राहिलं. पहिल्यांदा भरती करून घेताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात कुणाला असा पोटाचा त्रास होता का, आई कशानं गेल्या. तुझे जावई शेजारीच उभे होते. मी म्हणलं, म्हातारपणानं गेली. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं. तू माझ्या आजच्या वयाचीसुद्धा नव्हतीस.