दोन मंडळं, एक सर्व्हर

१२ नोव्हेंबर २०२४, कुडाळ
सकाळीच विश्वेशकाकांचा फोन. कानठळ्या बसल्या! "तुझ्या बापाशीन माझो ट्रिकसीन चोरल्यान गो!" काल वालावलच्या नाटकात बाबांच्या मंडळाने धुरातून राक्षस उडवला. काकांचा तो सीन अजून तालमीतच होता, आणि त्याचा व्हिडिओ फक्त माझ्या सर्व्हरवर.

दोन्ही दशावतारी मंडळं तालमीचे व्हिडिओ माझ्या स्टुडिओच्या सर्व्हरवर टाकतात, मी त्यांच्या जाहिराती करते. पण आत शिरलेल्याला दुसऱ्याचंही फोल्डर उघडता येतं, हे मी कधी मनावर घेतलंच नाही. घरचीच तर माणसं!

एकच मंडळ होतं तेव्हा काका राजा व्हायचे, बाबा पेटी वाजवायचे. चार वर्षांपूर्वी फुटलं. सख्खे भाऊ, पण बोलणं बंद. दोघंही बोलतात ते माझ्याशी. शनिवारपर्यंत बंदोबस्त केला नाहीस तर तुझाही संबंध संपला, म्हणाले काका.

१३ नोव्हेंबर
बाबांच्या मंडळातला लाइटवाला ओमकार. त्याचाच प्रताप! "बघलंय, आवाडला, केलंय!" लाज म्हणून नाही. बाबांनी त्याला फैलावर घेतलं, पण काकांना फोन करा म्हटलं तर उठून गेले.

१४ नोव्हेंबर
ज्याला त्याला त्याच्याच फोल्डरात ठेवायची सोय सर्व्हरमध्ये असते. केली. तर दोन्ही मंडळं बाहेर! पासवर्ड बरोबर, तरी दार बंद. डोकं पिकलं.

१५ नोव्हेंबर
सापडलं! मी उदारपणे अख्ख्या फोल्डरची मालकीच ज्याची त्याला देऊन टाकली होती. सर्व्हरला ते चालत नाही. बाहेरचं फोल्डर सर्व्हरच्या मुख्य मालकाच्या नावावर हवं, त्याच्या आत वापरणाऱ्याची खोली. घर आपण बांधलं तरी जागा ती राखणाऱ्या देवाची, जागेवाल्याची, वर्षाला त्याला नारळ द्यायचाच — आईचं हे ऐकत वाढले आणि मीच विसरले!

आता दोघंही आपापल्या खोलीत. काका खूश.

१६ नोव्हेंबर
बाबा स्टुडिओत आले. "गो, विश्वेशाचा कायच दिसणा नाय." मी भडकलेच. बाबा, तुम्हीसुद्धा?

बाबा खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "सीन गेलो खड्ड्यात. त्याचो आवाज बसलेलो मे महिन्यात. परत गाणा म्हणाक लागलो काय नाय, रोज ताच आयकत होतंय."

रडूच आलं मला. भिंत मीच घातली ना!

१७ नोव्हेंबर
काकांचा फोन. आज आवाज अगदी हळू. "काम बरा केलंस गो बाय. पण दादाची पेटी खंय गेली? माका आयकाक येणा नाय."

चोराच्या उलट्या बोंबा! दोघांसाठी तिसरं फोल्डर उघडलं. ओमकारला पासवर्ड नाही.